तळे राखील तो पाणी चाखील

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात जुलाब, कावीळ आणि विषमज्वराचे रुग्ण वाढतात. एकाच विहिरीचे पाणी पिणारे चार-पाच जण एकदम आजारी पडले की दोष कुठे आहे, ते वेगळे सांगावे लागत नाही. मी सलाईन लावतो, गोळ्या देतो. रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि पुन्हा तेच पाणी पितो. त्या पाण्यावरचे औषध डॉक्टरकडे नाही, ते ग्रामसभेकडे आहे.

पाण्यातले मुख्य दोष दोन. पहिला जंतूंचा. विहिरीजवळचा उकिरडा, न बांधलेला कठडा, गटारातून गेलेली फुटकी जलवाहिनी यांतून घाण पाण्यात शिरते. पाणी उकळल्याने किंवा ब्लीचिंग पावडर योग्य प्रमाणात टाकल्याने जंतू मरतात. पावडर टाकल्यानंतर अर्ध्या तासाने लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन पाण्यात शिल्लक राहिले पाहिजे. ओ.टी. चाचणीत पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर नाही.

दुसरा दोष फ्लोराइडचा. किनवट परिसरात ग्रॅनाइटचा जुना खडक आहे. त्याच्या खोल भेगांत पाणी वर्षानुवर्षे साठून राहते आणि खडकातील फ्लोराइड त्यात उतरते. लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरी सोयच नसेल तर १.५. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी लहानपणापासून पोटात गेले तर दातांवर डाग पडतात. ते मंजनाने जात नाहीत. पुढे सांधे आणि पाठीचा कणा ताठरतो. लक्षात ठेवा, उकळल्याने फ्लोराइड जात नाही.

गावतळ्याचे मोल इथे कळते. तळ्यात पावसाचे पाणी थांबते, गाळ खाली बसतो. काठचे लव्हाळे आणि चिखलातले सूक्ष्म जीव शेतातून वाहून आलेले नायट्रेट कमी करतात. मुरलेले ताजे पाणी आसपासच्या विहिरींत उतरून फ्लोराइड सौम्य करायला मदत करते. (तळ्याचे पाणी थेट मात्र पिऊ नये.) तळे बुजले की आपण आणखी खोल बोअर घेतो आणि फ्लोराइडचा धोका ओढवून घेतो.

तळ्याला कायद्याचा आधार आहे का? केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतून पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेली तळी वगळली आहेत. पण पंजाबातील एका गावतळ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी, गावाच्या सामाईक जागांवरील अतिक्रमणे हटवण्याच्या योजना आखा, असे सर्व राज्यांना बजावले. शिवाय आपल्या तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवले आहे. अधिकार हाती आहे, तो वापरायला हवा.

येत्या ग्रामसभेत हे चार प्रश्न विचारा :

१) आरोग्य विभाग पावसाळ्याआधी व नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला कार्ड देतो. लाल म्हणजे मोठा धोका, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे कमी. आपले कार्ड कोणत्या रंगाचे?

२) ओ.टी. चाचणीची नोंदवही कुठे आहे?

३) पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड आणि नायट्रेट प्रयोगशाळेत कधी तपासले?

४) गावतळ्याची मोजणी, अतिक्रमण आणि गाळ यांचे काय?

उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. मते मागायला येणाऱ्यांनाही हेच विचारा. यात राजकारण कशाला, असे कोणी म्हणेल. पाणी हा हक्काचा प्रश्न आहे, हे महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी पिऊन दाखवून दिले.

तळे राखील तो पाणी चाखील, ही म्हण आपण आजवर टोमणा म्हणून वापरली. आता ती शब्दशः खरी करू या.