घरच्या आमरीला उजेडाचे माप

जानेवारी महिन्यात पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. ते पाहून परतणारी कित्येक कुटुंबे ऑर्किडची, म्हणजेच आमरीची, एखादी फुललेली कुंडी हौसेने घरी नेतात. फुले दोन-अडीच महिने टिकतात आणि घराची शोभा वाढवितात. पुढे दांडा वाळतो. पाने मात्र हिरवीगार राहतात. वर्ष जाते, दुसरे वर्ष जाते, पण नवा दांडा काही निघत नाही. मग खत घातले जाते, पाणी वाढविले जाते आणि त्या वाढविलेल्या पाण्यानेच मुळे कुजून झाड दगावते. अशा बहुतेक झाडांना उणीव असते ती खताची नव्हे, उजेडाची. तो किती द्यावा, कोणत्या बाजूने द्यावा आणि ऋतू पालटताच त्यात कोणता फेर करावा, हे समजले म्हणजे आमरीची निगा राखणे फारसे अवघड नाही.

आमरी झाडावर का वसते?

आमरी ही काही केवळ परदेशची वनस्पती नव्हे. फादर सांतापाव व कापडिया यांनी जुन्या मुंबई राज्यातील आमरींवर लिहिलेला ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. सह्याद्रीतील आमरींची त्यात पद्धतशीर नोंद आहे. आंबा, जांभूळ, ऐन अशा वृक्षांच्या खोडाफांद्यांवर पावसाळ्याच्या तोंडाला गुलाबी-पांढरा घोस लोंबताना दिसतो, ती ‘सीतेची वेणी’ ही आमरीच होय.

पुष्कळ शेतकरी तिला बांडगूळ समजून तोडून टाकतात. ही समजूत चुकीची आहे. बांडगुळाची मुळे फांदीच्या आत शिरून रस शोषतात, त्या जागी गाठ येते व फांदी खंगते. आमरीची जाड, पांढुरकी मुळे सालीला बाहेरूनच चिकटतात; पाणी पडताच ती हिरवट दिसू लागतात. पावसाचे पाणी, दव आणि सालीवर साचलेला पालापाचोळा यांवर तिचे पोषण होते. झाडाकडून ती रस घेत नाही, केवळ आसरा घेते. यास्तव आंब्यावरील बांडगूळ काढताना आमरी राखावी. तसेच रानातील आमरी ओरबाडून घरी आणू नये. राखीव वनातून ती विनापरवाना काढणे हा गुन्हा आहे, आणि रानातून उपटलेले झाड घरी सहसा जगतही नाही. रोपवाटिकेत वाढविलेले रोपच घ्यावे.

झाडाच्या आसऱ्याने आमरीला मिळतो तो पानांच्या चाळणीतून गाळून आलेला उजेड. तेथे काळोख नसतो आणि दुपारचे कडक ऊनही सलग लागत नाही. सभोवार वारा खेळता असतो. घरात आमरी ठेवताना हीच स्थिती साधावयाची असते.

उजेडाचे माप

भर दुपारी मोकळ्या आभाळाखाली उन्हाची तीव्रता सुमारे १,००,००० लक्स असते. बाजारात मिळणाऱ्या आमरींपैकी रुंद, मऊ पानांच्या फॅलेनॉप्सिसला १०,००० ते १५,००० लक्स पुरतात. कॅटलिया व डेंड्रोबियम यांना साधारणपणे २०,००० ते ३०,००० लक्स लागतात, आणि पट्ट्यासारख्या पानांच्या व्हँडाला त्याहूनही अधिक. खिडकीपासून चार-पाच हात आत आपल्या डोळ्यांना लख्ख वाटणारा उजेड पुष्कळदा हजार लक्सही भरत नाही. दिवाणखान्यातील टेबलावर आमरी जगते पण फुलत नाही, याचे कारण हेच.

मापक जवळ नसला तरी हाताची सावली पुरेशी आहे. दुपारी पानांच्या वर सुमारे एक फुटावर हात धरावा. सावली ठळक व रेखीव पडली तर उजेड फॅलेनॉप्सिसला जास्त, व्हँडाला योग्य. कडा पुसट असून हाताचा आकार ओळखू येत असेल तर तो फॅलेनॉप्सिसला योग्य. सावली पडतच नसेल तर ती जागा कोणत्याही आमरीच्या उपयोगाची नाही.

दुसरा साक्षीदार म्हणजे पान. गर्द काळपट हिरवी, लांबट व लुळी पाने उजेडाची कमतरता दाखवितात. पोपटी झाक असलेले ताठ पान योग्य उजेड दाखविते. पान पिवळट पडून कडांना तांबूस झाक आली तर ऊन सोसण्याच्या सीमेवर आहे, असे जाणावे. पांढुरका अगर तपकिरी डाग पडून तो पुढे वाळला तर पान भाजले, हे निश्चित. भाजलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, म्हणून त्यापूर्वीच सावध व्हावे. दुपारी पानाला हात लावून पाहावा. ते हवेपेक्षा स्पष्ट गरम लागले तर कुंडी त्याच दिवशी हलवावी.

कोणती खिडकी?

पूर्वेची खिडकी अगर सज्जा सर्वांत उत्तम. सकाळचे कोवळे ऊन दोन-तीन तास मिळते आणि हवा तापण्यापूर्वी ते सरते. पश्चिमेचे ऊन दुपारनंतरचे. ते हवा तापलेली व कोरडी असताना येते. उन्हाळ्यात पुण्याचा पारा ४० अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पडदा अगर जाळी लावल्याखेरीज पश्चिमेस आमरी ठेवू नये.

दक्षिणेच्या खिडकीविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. पुणे सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. वर छज्जा आड येत नसेल तर दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरेच आत येते. मेच्या मध्याच्या सुमारास सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो किंचित उत्तरेकडून जातो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत मध्यान्हीचे ऊन येत नाही; उलट उत्तरेच्या सज्ज्यात सकाळ-संध्याकाळी तिरपे ऊन येते. म्हणून दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात उपयोगी, तर उत्तरेची एरवी मंद उजेडाची असते, हे ध्यानात ठेवावे.

ऋतूप्रमाणे फेर

एकदा ठरविलेली जागा बारमाही योग्य राहील असे मानणे, हीच सर्वांत मोठी चूक होय.

फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन चढू लागते. गच्चीवरील फॅलेनॉप्सिसला ७५ टक्के सावली देणारी जाळी बांधावी. डेंड्रोबियमला ५० टक्के सावलीची जाळी सहसा पुरते. एप्रिल-मेमध्ये जमिनीवर पाणी शिंपडून अगर वाळूच्या ओल्या थाळ्या ठेवून हवेत ओलावा राखावा.

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की आभाळ दिवसेंदिवस झाकलेले राहते. उन्हाळ्यातील दाट जाळी तशीच राहिली तर झाड ऐन वाढीच्या दिवसांत उपाशी राहते. जाळी विरळ करावी अगर कुंडी कडेला, अधिक उजेडात आणावी. मात्र संततधार तिच्यावर पडू देऊ नये.

ऑक्टोबरचा उन्हाचा तडाखा सर्वांत फसवा. पावसाळ्यातील मंद उजेडात वाढलेली पाने कोवळी असतात. आभाळ एकाएकी निवळताच ती भाजतात. सप्टेंबरच्या अखेरीस जाळी पुन्हा तयार ठेवावी. कोणतेही झाड अधिक उजेडात न्यावयाचे झाल्यास एकदम नेऊ नये, दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने न्यावे.

नोव्हेंबर ते जानेवारी हा फॅलेनॉप्सिसचा दांडा निघण्याचा काळ. पुरेसा उजेड आणि गार रात्री यांचा योग पुण्यात याच दिवसांत येतो. तथापि पारा १५ अंशांखाली उतरू लागला की कुंडी रात्री घरात घ्यावी. कळ्या आल्यावर कुंडीची दिशा वारंवार बदलू नये.

उजेड आणि पाणी

उजेड व पाणी यांचा मेळ राखावा लागतो. उजेड कमी तर पाणीही कमी. मुळे रुपेरी दिसली की पाणी द्यावे, हिरवी असताना देऊ नये. कुंडीत माती न भरता नारळाची सोडणे, लोणारी कोळसा व विटांचे तुकडे घालावेत, म्हणजे मुळांना हवा मिळते.

ज्या घराला योग्य खिडकीच नाही, तेथे पांढऱ्या प्रकाशाची एलईडी नळी पानांपासून सुमारे एक फूट उंचीवर लावून रोज बारा तास चालू ठेवावी. रात्री मात्र झाडास अंधार मिळालाच पाहिजे. जाड पानांच्या आमरी आपली पर्णरंध्रे रात्री उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत असतात.

शहरालगतच्या ज्या शेतकऱ्यांस शेडनेटमध्ये डेंड्रोबियमची लागवड करावयाची आहे, त्यांनीही प्रथम चार कुंड्या वर्षभर सांभाळून पाहाव्यात. जाळी कधी ताणावी व कधी गुंडाळावी याचा अनुभव तेथे स्वस्तात मिळतो. तीच चूक संपूर्ण शेडनेटमध्ये झाली तर हंगाम हातचा जातो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हाताच्या सावलीची परीक्षा महिला मंडळांत व शाळांत प्रत्यक्ष करून दाखवावी. बांडगूळ आणि आमरी यांतील भेदही त्याच वेळी झाडाखाली उभे राहून समजावून द्यावा. असे झाल्यास घरची आमरी दुसऱ्या वर्षीही फुलेल, आणि रानातील आमरी आपल्या झाडावर सुरक्षित राहील.