मेंडोलिनचे किट आणि दांडीचा सांधा

मेंडोलिनच्या किटमध्ये वाद्य सुट्या भागांत येते. स्प्रूसची कोरलेली तबली, मेपलची कोरलेली पाठ, वाफ देऊन वाकवलेल्या कडा, दांडीचे व शेपटाचे लाकडी ठोकळे, जवळजवळ आकाराला आलेली दांडी, पडद्यांच्या खाचा पाडलेली शिसवीची किंवा आबनुसाची पट्टी, खुंट्या, घोडी आणि तारा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अथेन्स गावची स्ट्यूअर्ट-मॅकडॉनल्ड ही कंपनी अशा किटसाठी ओळखली जाते.

नेपल्सच्या जुन्या मेंडोलिनची पाठ वाडग्यासारखी खोल असे. ऑरव्हिल गिब्सन यांनी व्हायोलिनप्रमाणे फुगीर तबली व पाठ कोरण्याची रीत काढली आणि १८९८ मध्ये तिचे पेटंट मिळवले. पुढे मिशिगनमधल्या कॅलामझू येथील गिब्सन कारखान्यात लॉइड लोर यांच्या देखरेखीखाली १९२२ मध्ये एफ-५ हे मॉडेल आले. बिल मन्रो यांच्या हाती ते ब्लूग्रास संगीताचा आवाज बनले. आजची बहुतेक किटे याच कोरीव घडणीची असतात. ज्यांच्या खांद्याशी लाकडाची वेटोळी नसते ती ए-शैलीची किटे नवख्याला अधिक सोयीची, कारण वेटोळीभोवती किनारपट्टी वाकवणे हे काम सरावलेल्या हातांनाही जड जाते.

सुरुवात खोक्यापासून होते. कडा साच्यात बसवून ठोकळ्यांना चिकटवतात. कडांच्या आतून खाचा पाडलेली अस्तरपट्टी लावतात, म्हणजे तबलीला चिकटायला पुरेशी जागा मिळते. ही पट्टी सरस वाळेपर्यंत धरून ठेवायला कपडे वाळत घालायचे चिमटे उत्तम काम देतात. तबली मध्यभागी साधारण ४.५ ते ५ मिलिमीटर आणि कडेशी ३ मिलिमीटरच्या आसपास राहील इतपत आतून खरवडतात. मग तिला दोन लांब पट्ट्यांचा आधार देतात. इथे हात आखडता ठेवलेला बरा. आठ तारांचा मिळून ताण ७० ते ८० किलो असतो, आणि खरवडलेले लाकूड परत येत नाही.

खरी परीक्षा दांडीच्या सांध्याची. दांडीच्या बुडाशी डव्हटेल कापलेली असते, खाली निमुळती आणि आतल्या बाजूला रुंद होत जाणारी. ती ठोकळ्यातल्या खाचेत वरून सरकत बसते. कारखान्यात ही कापणी मुद्दाम जरा घट्ट ठेवतात. उरलेले काम पटाशी आणि कानशीचे. खाचेला खडू फासायचा, दांडी बसवून काढायची, खडू लागलेल्या जागा अगदी पातळ तासायच्या आणि पुन्हा बसवून पाहायची. खडूचा डाग डव्हटेलच्या दोन्ही गालांवर सर्वत्र सारखा उमटला की सांधा जुळला.

पण जुळलेला सांधा बरोबर कोनातही असावा लागतो. एफ-५ च्या घडणीत दांडी पंधराव्या पडद्याशी खोक्याला मिळते. वाजत्या तारेची लांबी सुमारे ३५२ मिलिमीटर असल्याने तिथून घोडीपर्यंत सुमारे १४८ मिलिमीटर उरतात. कोन एका अंशाने चुकला तर घोडीशी २.६ मिलिमीटरचा फरक पडतो. दांडी पुढे झुकलेली राहिली तर घोडी पूर्ण खाली आणूनही तारा पडद्यांपासून उंच राहतात. उपाय म्हणून दांडी मागे कलवायला बुडाच्या खालच्या टोकाचे लाकूड घासावे लागते. ते घासले की सांधा सैल होतो, आणि मग गालांवर पातळ लाकडी पापुद्रे चिकटवून तो पुन्हा घट्ट करायचा. कोन सुधारताना दांडीची मध्यरेषा एका बाजूला सरकते, तीही दरवेळी दोरा ताणून तपासावी लागते. पडद्यांच्या पट्टीवर सरळ मोजपट्टी ठेवून तिचे टोक घोडीच्या जागी किती उंचीवर येते हे मोजल्याशिवाय सरसाची बाटली उघडू नये. भारतीय वादकांच्या दृष्टीने हा कोन आणखी नाजूक ठरतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले सज्जाद हुसेन मेंडोलिनवर राग वाजवत. अशा वादनात मींड घेताना बोट एकाच तारेवर लांबवर सरकते, आणि वरच्या पडद्यांशी तार उंच असेल तर ते अडते.

पडदे ठोकून, घासून समपातळीत आणल्यावर रोगण येते. कोकणात हे काम पावसाळ्यात करू नये. हवेतला ओलावा लॅकरच्या थरात अडकून पांढरट डाग धरतो, आणि मेपलही फुगते. सरस लावलेले सांधेही अशा दिवसांत सावकाश वाळतात.

शेवटी घोडी. ती तबलीला चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबाने उभी राहते. तिचे पाय तबलीच्या फुगवट्याशी तंतोतंत जुळावेत म्हणून तबलीवर पॉलिश पेपर उलटा ठेवून घोडी त्यावर घासतात. बाराव्या पडद्यावरचा स्वर आणि त्याच जागी हलक्या स्पर्शाने निघणारा स्वर एक होईपर्यंत ती पुढेमागे सरकवतात. तारा चढवल्यावर पहिल्या काही दिवसांत तबली किंचित दबते. त्यामुळे घोडीच्या चकत्या फिरवून उंची पुन्हा जुळवावी लागते.