डोंगराच्या पायथ्याची गावे



आपला परभणी जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे काय येते? काळीभोर सपाट जमीन, कापूस, ज्वारी आणि वाहणारी गोदामाई. "आपल्याकडं डोंगर कुठाय, गुरुजी?" असे वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतेच. पण भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा जरा नीट बघा. उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगराच्या रांगा शिरल्या आहेत. दक्षिणेला गंगाखेडच्या बाजूने बालाघाटचे डोंगर आहेत. मध्ये गोदावरी, पूर्णा, दुधना यांचे सपाट खोरे. म्हणजे आपला जिल्हा एखाद्या परातीसारखा आहे. मधे सपाट आणि दोन बाजूंना काठ!

यंदाची आपली सहल जिंतूरच्या डोंगराकडे गेली होती. जे आले नाहीत त्यांच्यासाठी आणि जे येऊन नुसतेच पळत सुटले त्यांच्यासाठीही हा लेख!

डोंगर झाला कसा?

परभणीहून जिंतूर चाळीसेक किलोमीटर. एस.टी.च्या खिडकीतून पाहिले तर सपाट रान संपून माळ लागतो आणि मग टेकड्या दिसू लागतात. या टेकड्यांचे माथे सपाट आणि अंगाला पायऱ्या पाडल्यासारखे थर असतात. असे का बरे?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीला भेगा पडून तापलेला लाव्हारस बाहेर आला. तो पसरला आणि थंड झाला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला, मग तिसरा. उतरंडीला गाडग्यावर गाडगे रचतात ना, तसे थरावर थर बसले. त्यातूनच आपला काळा दगड झाला. त्यालाच बेसाल्ट म्हणतात. सगळे थर मात्र सारखे नाहीत. कुठे पहारीलाही दाद देणार नाही असा कठीण पाषाण, तर कुठे मऊ मुरूम. हाच दगड ऊनपावसाने झिजून झिजून आपली काळी माती तयार झाली. तुमच्या बाबांच्या शेतातली कापसाची जमीन म्हणजे भुगा झालेला जुना दगडच!

नेमगिरी

जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी आणि चंद्रगिरी या दोन टेकड्या आहेत. नेमगिरीवर जैन धर्माची सात लेणी आहेत. त्यांची दारे इतकी लहान की मोठ्या माणसाला वाकून, अंग चोरून आत जावे लागते. आत गेल्यावर मात्र एवढी भव्य मूर्ती समोर उभी असते की बोलणे आपोआप बंद होते. भगवान नेमिनाथ, शांतिनाथ, पार्श्वनाथ, बाहुबली यांच्या मूर्ती येथे आहेत. पार्श्वनाथांच्या मूर्तीचा सगळा भार खाली एका लहानशा दगडावर टेकलेला आहे. म्हणून तिला अंतरिक्ष, म्हणजे अधांतरी असलेली, असे म्हणतात.

टेकडीवरून खाली बघताना सातवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, सगळी जुनी गावं डोंगराच्या पायथ्यालाच का हो? वर का नाहीत?" प्रश्न फार छान होता. त्याचे उत्तर आम्हाला पुढच्या मुक्कामी मिळाले.

चारठाणा

जिंतूरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चारठाणा हे गाव आहे. गाव तसे आपल्यासारखेच. पार, चावडी, गुरेढोरे, किराणा दुकाने. पण गावात आणि शिवारात जिकडे तिकडे कोरीव दगड दिसतात. गोकुळेश्वर, जोड महादेव, नरसिंह अशी जुनी देवळे येथे आहेत आणि एक उंच कोरीव दगडी स्तंभही आहे. ही बांधकामे यादवांच्या काळातली आणि त्याच्या मागेपुढची, म्हणजे साधारण सात-आठशे वर्षे किंवा त्याहून जुनी.

अशा देवळांना आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा प्रधान. तो तेराव्या शतकात होऊन गेला. पण अशी काही देवळे त्याच्याही आधीची आहेत, बरं का! नाव मात्र त्याचेच पडले. या बांधणीत दगड जोडायला चुना लागत नाही. दगडाला खाच पाडायची, दुसऱ्याला तसाच उंचवटा ठेवायचा आणि एकात एक अडकवायचे. वरच्या दगडाचा भार खालच्याला दाबून धरतो. पण त्यातला एक दगड कोणी काढून नेला की शेजारचे दगड सैल पडतात. म्हणून देवळाचा पडका दगड गोठ्याच्या भिंतीला किंवा धुणे धुवायला नेऊ नये.

गाव पायथ्यालाच का?

गोकुळेश्वराच्या देवळाजवळ दगडी बारव आहे. बारव म्हणजे पायऱ्या असलेली विहीर. साध्या विहिरीत पोहरा सोडावा लागतो, तर बारवेत आपणच पाण्यापर्यंत उतरून जातो. पावसाळ्यात पाणी वरच्या पायऱ्यांना लागते आणि उन्हाळ्यात खाली जाते. किती पायऱ्या उघड्या पडल्या यावरून पाणी किती उरले ते लहान पोरालाही कळते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. डोंगरावर पाऊस पडतो. गवत आणि झाडे असली की पाणी धावत सुटत नाही, थबकते. मग ते दगडाच्या भेगांतून आणि मुरमातून हळूहळू खाली झिरपते. खाली कठीण पाषाणाचा थर लागला की वाट बंद होते. मग पाणी आडवे सरकते आणि पायथ्याला झरा होऊन निघते किंवा विहिरीला येते. डोंगर म्हणजे मोठा रांजणच! पाऊस चार महिने आणि पाणी बारा महिने. जुन्या लोकांनी हे ओळखले. जिथे पाणी तिथे गाव बसले. गाव बसले तिथे देऊळ झाले आणि देवळाशेजारी बारव. म्हणून आधी पाणी, मग गाव, मग देऊळ असा हा क्रम आहे.

जगात दुसरीकडेही असेच दिसते. भूमध्य समुद्रात सायप्रस नावाचे बेट आहे. त्यावर त्रूदोस नावाचा डोंगर आहे. त्याचे सर्वांत उंच शिखर १९५२ मीटर आहे. त्याच्या उतारावर आणि पायथ्याला दगडी घरांची जुनी गावे, द्राक्षाचे मळे आणि भिंतीभर रंगीत चित्रे असलेली जुनी चर्च आहेत. त्यांतल्या काही चर्चना १९८५ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. तिथलीही गावे डोंगराच्या पाण्यावरच वसली. ती पाहायला लोक विमानाने येतात. आपले चारठाणे मात्र शेजारच्या तालुक्यातल्या पोरांनीही पाहिलेले नसते!

येलदरी

शेवटचा मुक्काम येलदरी. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा नदी येथे अडवली आहे. हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. येथे २२.५ मेगावॅट क्षमतेचे वीजघर आहे. वरून पडणाऱ्या पाण्याच्या जोराने चक्र फिरते आणि वीज होते. पुढे हे पाणी हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणात जाते आणि तेथून कालव्यांनी शेतांना मिळते. जलाशय पाहून पोरे "समुद्र, समुद्र!" म्हणून ओरडली. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. या पाण्यासाठी काही गावांनी आपली घरे आणि शेते सोडली आहेत. पाणी वापरताना त्यांची आठवण ठेवावी.

रांजण फुटला तर?

डोंगरावरची झाडे तुटली आणि गवत वणव्यात जळाले, तर पाणी थांबतच नाही. ते माती घेऊन धो धो वाहून जाते. मग खालची बारव आटते. आटली की लोक तिच्यात कचरा टाकतात आणि ती बुजते. एका गावी आम्ही अशी बारव पाहिली. वर बाभळी माजलेल्या, आत प्लास्टिक. त्याच गावात उन्हाळ्यात टँकर आला की बायाबापड्या घागरी घेऊन मागे धावतात. बारव होती ती आपणच बुजवली आणि आता पाण्यासाठी रांग लावतो. याला काय म्हणावे?

पण उलटेही घडते. सेलू तालुक्यात वालूर येथे गोल गोल उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची सुंदर बारव आहे. तीही गाळाने भरली होती. अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनी गाळ, कचरा उपसून ती स्वच्छ केली. बाहेरून कोणी यायची वाट पाहिली नाही.

म्हणून मुलांनो, जुन्या देवळावर, लेण्यावर खिळ्याने नाव कोरू नका. कोरीव दगडाला ऑइलपेंट फासू देऊ नका. बारवेत काही टाकू नका आणि कोणी टाकत असेल तर "काका, यात नका टाकू" असे नम्रपणे सांगा. मोठी माणसे लहानांचे ऐकतात, सांगून तर बघा!

करून पाहा

दोन घमेली घ्या. एकात नुसती माती दाबून भरा. दुसऱ्यात गवतासकट उपटलेले मातीचे ढेकूळ बसवा. दोन्ही सारखी तिरपी ठेवा आणि एकेक तांब्या पाणी हळूहळू ओता. कुठले पाणी गढूळ होऊन लवकर वाहिले? कुठले थांबले?

सांगा पाहू

१. तुमच्या गावातली सर्वांत जुनी विहीर किंवा बारव कोणती?
२. आजी-आजोबांच्या लहानपणी तिचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकायचे?
३. आता किती टिकते?

उत्तरे घरी विचारून वहीत लिहून आणा. चांगली उत्तरे पुढच्या अंकात याच भिंतीवर लावू.