कडेची साक्ष

जुने नाणे हाती आले म्हणजे आपली दृष्टी प्रथम त्यावरील मुद्रेकडे, राजाच्या मुखाकडे आणि सनाच्या आकड्यांकडे वळते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु अमेरिका खंडातील स्पॅनिश टांकसाळींतून अठराव्या शतकात बाहेर पडलेले आठ रेआलचे रुप्याचे नाणे जेव्हा जाणत्या पारख्याच्या हाती येते, तेव्हा तो ते दोन बोटांच्या चिमटीत उभे धरून सावकाश फिरवतो आणि राजाचे मुख बाजूला ठेवून त्याची कड वाचू लागतो.

ही गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती. तिची प्रचीती मात्र अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या आतेभावाने सुट्टीत येताना आणलेल्या एका नाण्याने आली. ते समुद्रतळाशी सापडलेल्या ठेव्यातील आहे, असे सांगून त्याला विकण्यात आले होते, आणि सांगितलेली हकीकत अगदी खऱ्या इतिहासातली होती. तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या लुइझियाना प्रांतात कागदी चलनाची पत पार ढासळली, तेव्हा स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याच्या आज्ञेने मेक्सिकोच्या टांकसाळीतील सुमारे ४,५०,००० पेसो (एक पेसो म्हणजे आठ रेआल) ‘एल कासादोर’ या जहाजावर चढविण्यात आले; ११ जानेवारी १७८४ रोजी व्हेराक्रूझ बंदरातून निघालेले ते जहाज न्यू ऑर्लिन्सला कधीच पोहोचले नाही, आणि १९९३ साली मेक्सिकोच्या आखातात एका मासेमारी नौकेच्या जाळ्यात काळवंडलेल्या नाण्यांचे ढेकूळ अडकून वर आले, तेव्हा कोठे त्याचा ठावठिकाणा लागला. आतेभावाच्या नाण्यावर सन होता १७८३. एका बाजूस माथ्यावर लॉरेलच्या पानांची माळ धारण केलेले राजाचे मुख, दुसऱ्या बाजूस दोन स्तंभांमधील राजचिन्हांकित ढाल, मेक्सिकोच्या टांकसाळीची खूण म्हणून ‘एम’ अक्षर व त्याच्या माथ्यावर इवलासा ‘ओ’, आणि चांदीचा कस तपासणाऱ्या अधिकाऱ्यांची ‘एफ एफ’ ही आद्याक्षरे, सारे त्या सालाला साजेसेच होते.

आम्ही ते आमच्या नेहमीच्या सोनाराकडे नेले. अशा नाण्याचे सरकारी वजन २७.०७ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने दोन तोळे चार माशांना किंचित कमी. सोनाराच्या काट्यावर ते २६.९ भरले. दोन शतकांच्या झिजेने वजन थोडे उतरावे हे रास्तच. उलट ते वाढलेले आढळले असते, तर संशयाला जागा झाली असती. मग दोऱ्याला टांगून ते पाण्यात बुडवून तोलले, तेव्हा त्याचे वजन २.६ ग्रॅमने घटले. भागाकार केला, तर धातूची घनता १०.३ च्या आसपास येते. हजार भागांत ९०३ भाग चांदी आणि उरलेले तांबे अशा मिश्रणाची ती तितकीच यावयास हवी. चांदीचा अंशही नसलेल्या जर्मन सिल्व्हरचे बनावट नाणे असते, तर त्याच वजनाला पाण्यातील घट तीन ग्रॅमच्या वर गेली असती. “चांदी खरी आहे, साहेब,” सोनार म्हणाला, आणि आतेभावाचा चेहरा उजळला.

सोनाराचे बोलणे यथार्थ होते. मात्र त्याने दिलेले उत्तर आमच्या प्रश्नाचे नव्हते. चांदी खरी आहे काय हा एक प्रश्न, आणि नाणे खरे आहे काय हा अगदी निराळा. सुरतेच्या सराफाला पहिल्याचीच गरज होती, कारण मोगल अमलात परकी नाणे जसेच्या तसे चालत नसे. युरोपीय कोठीवाल्यांनी आणलेले रेआल टांकसाळीत गाळून त्यांचे बादशाही रुपये पाडले जात, आणि मुशीत गेल्यावर राजाचे मुख खरे की खोटे याला काय अर्थ उरतो? हे दोन प्रश्न एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात, याचा दाखला दक्षिण अमेरिकेतील पोतोसीच्या स्पॅनिश टांकसाळीच्या इतिहासात आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास त्या जगप्रसिद्ध टांकसाळीतच हिणकस चांदीची नाणी पाडली जात असल्याचे उघडकीस आले, चौकशीसाठी दरबाराने खास अधिकारी नेमला, आणि १६५० मध्ये फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा या धनाढ्य व्यापाऱ्यास देहान्त शासन झाले. १६५२ पासून नाण्याचे स्वरूपच बदलण्यात आले. ती हिणकस नाणी आज संग्राहक अस्सल म्हणूनच जतन करतात, कारण ती खऱ्या टांकसाळीत, खऱ्या ठशांखाली पडली. आतेभावाच्या नाण्यापुढे याच्या नेमका उलट प्रश्न उभा होता.

आता कडेविषयी. पूर्वीची रेआल नाणी चांदीच्या कांबीचे तुकडे पाडून, कात्रीने वजनाला उतरवून घणाखाली ठोकलेली असत. ती इतकी वेडीवाकडी असत की कोणी लबाडाने काठ कातरून चिमूटभर चांदी काढून घेतली तरी ते ओळखू येत नसे. १७३२ मध्ये मेक्सिकोत यंत्राने पाडलेली गोल नाणी निघू लागली, तेव्हा या कातरण्याला आळा घालण्यासाठी त्यांच्या कडेवर नक्षी उमटविण्यात आली. प्रारंभी पानांची, आणि १७७२ पासून, राजाचे मुख असलेल्या नाण्यांवर, एकाआड एक वर्तुळे व आयत यांची. ही नक्षी ठसा मारण्यापूर्वी उमटत असे. दोन समांतर पोलादी पट्ट्या असत, एक स्थिर व दुसरी सरकती, दोहोंवर तीच नक्षी खोदलेली; कोरी चकती त्यांच्यामध्ये धरून अर्धा फेरा लोटली की अर्धी कड एका पट्टीने आणि अर्धी दुसरीने कोरली जाई. परंतु हाताने चालणाऱ्या यंत्रात दोन्ही अर्ध बरोबर एकमेकांना भिडावेत कसे? म्हणून समोरासमोरच्या दोन ठिकाणी नक्षीची गाठ चुकते. एखादे वर्तुळ शेजारच्या आयतावर चढते, किंवा दोन आयतांचा एक लांबट आयत होतो. पुढे पडणाऱ्या ठशाच्या दाबाने चकती किंचित पसरते, ती पूर्ण वाटोळी राहत नाही, आणि कडेची नक्षीही कोठे खोल तर कोठे चपटी होते. कारागिराची ही चूक नव्हे. ती त्या यंत्राची सही आहे, आणि खोटे नाणे करणारा बहुधा नेमकी तीच करावयास विसरतो, कारण त्याचे सारे कसब राजाच्या नाकाडोळ्यांत खर्ची पडलेले असते.

आम्ही घरी येऊन दिव्याखाली भिंग लावून बसलो. आतेभावाच्या नाण्याची कड आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखी होती. वर्तुळ, आयत, वर्तुळ, आयत, कोठे गाठ नाही, कोठे चढ नाही, खोलीतही कोठे अंतर नाही, आणि नाणे कंपासाने आखावे तितके वाटोळे. कडेच्या मध्यावरून साच्याच्या सांध्यासारखी एक बारीक रेघ गेली होती आणि तिच्यावर कानशीने घासल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. पृष्ठभागावरचा काळेपणा टाचणीने खरवडला, तर तो लेपासारखा सुटून आला. सागराच्या पाण्यात चांदीवर गंधकाचे जे काळे किटण चढते, ते धातूला खात आत उतरते आणि काढले तर खाली खड्डे उघडे पडतात. याच्याखाली मात्र गुळगुळीत, नवी चांदी चमकत होती.

आतेभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मला वाईट वाटले, आणि कदाचित त्यामुळेच मी उठून कपाटातून माझे स्वतःचे नाणे काढले. ते १८०५ सालचे, चौथ्या कार्लोसचे, मेक्सिकोचे. चीनच्या व्यापारात हातोहात फिरताना तेथील सराफांनी आपापल्या खात्रीचे छाप ठोकून ठोकून राजाचा गाल आणि अर्धे कपाळ पार बुजवून टाकले आहे. दर्शनी ते फार कुरूप आहे. मी ते त्याच्या हाती दिले आणि डोळे मिटून कडेवरून नख फिरवावयास सांगितले. अर्धा फेरा नख सरळ गेले, मग एके जागी अडखळले. तेथे एक वर्तुळ दुसऱ्यावर अर्धवट चढून बसले होते. तो थांबला, आणि तसेच डोळे मिटून, समोरच्या बाजूची दुसरी गाठ शोधू लागला.