त्सावोच्या सिंहांनी किती माणसे खाल्ली?

शिकाऱ्यांचे ताट : लेखांक ६

1898 साली मार्च ते डिसेंबर असे नऊ महिने, आजच्या केनियातील त्सावो नदीवर पूल बांधणाऱ्या मजुरांच्या तळावर दोन सिंह रात्री येत आणि तंबूतून माणूस ओढून नेत. युगांडा रेल्वेच्या बांधकामासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे 32 हजार मजूर तिकडे नेले होते. पुलाचे काम पाहणारा ब्रिटिश अधिकारी जॉन हेन्री पॅटरसन याने 9 डिसेंबरला पहिला आणि 29 डिसेंबरला दुसरा सिंह मारला. बळी किती गेले? पॅटरसनने आधी 28 हिंदी मजूर सांगितले. त्याखेरीज कितीतरी स्थानिक आफ्रिकी माणसे गेली होती, पण त्यांची नोंद कोणी ठेवली नव्हती. पुढे त्यानेच हा आकडा 135 वर नेला, आणि जगभर तोच पसरला.

गेल्या आठवड्यात आपण विष्ठेतून आहार ओळखण्याची पद्धत पाहिली. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहारात, वजनाच्या हिशेबाने, 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला तो असाच. पण विष्ठा अलीकडच्या एकदोन जेवणांचीच साक्ष देते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मेलेल्या सिंहांचे काय करायचे?

सुदैवाने त्यांची कातडी आणि कवट्या टिकल्या. पॅटरसनने कातडी पंचवीसेक वर्षे घरात गालिच्यासारखी वापरली आणि मग शिकागोच्या फील्ड म्युझियमला विकली. त्या कातड्यांवरच्या केसांत आणि कवट्यांच्या हाडांत सिंहांचा आहार अजून नोंदलेला आहे.

ही नोंद अणूंच्या वजनाची असते. निसर्गातल्या कार्बनमध्ये थोडा अंश जड कार्बनचा, म्हणजे कार्बन-13 चा असतो. उष्ण प्रदेशातले गवत हवेतला कार्बन ज्या पद्धतीने बांधते, ती झाडाझुडपांपेक्षा वेगळी आहे, आणि तिच्यामुळे गवतात कार्बन-13 जास्त उतरतो. गवत चरणाऱ्या झेब्र्याच्या मांसात तो जास्त सापडतो, पाला ओरबाडणाऱ्या जिराफाच्या मांसात कमी. नायट्रोजन दुसरी गोष्ट सांगतो. अन्नसाखळीत एक पायरी वर गेले की नायट्रोजन-15 चे प्रमाण साधारण हजारी तीनने वाढते. माणूस धान्य खातो, दूध-मांसही खातो, म्हणून त्याची खूण चरणाऱ्या प्राण्यांहून वेगळी पडते. त्सावोच्या अभ्यासात माणसाची खूण त्याच भागातील टाइटा समाजाच्या जुन्या अवशेषांवरून ठरवली गेली.

हाड आणि केस वेगवेगळ्या काळाबद्दल बोलतात, आणि मला या पद्धतीतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. हाडातील प्रथिन अनेक वर्षांत हळूहळू बदलते, त्यामुळे हाड आयुष्यभराची सरासरी सांगते. केस वाढतात ते काही महिन्यांत, म्हणून केसांत शेवटचे महिने उतरतात. एकाच सिंहाची हाड आणि केस ही दोन मोजमापे शेजारी ठेवली, की त्याने आहार कधी बदलला ते दिसते.

आता हिशेब. मिश्र डाळींच्या वरणाची चव घेऊन तूर किती आणि मूग किती हे सांगण्यासारखे हे काम आहे. डाळी दोनतीन असतील तर जमते. पाचसहा असतील तर एकच चव अनेक प्रमाणांतून येऊ शकते. सिंहाच्या बाबतीत खुणा दोनच आणि भक्ष्ये अनेक, म्हणून गणिताचे एकच उत्तर निघत नाही. अशा वेळी संख्याशास्त्रातले बेझ पद्धतीचे मिश्रण-मॉडेल वापरतात. संगणक भक्ष्यांच्या वाट्यांची असंख्य मिश्रणे करून बघतो. प्रत्येक मिश्रणातून सिंहाच्या केसांत कोणती खूण उतरली असती ते काढतो, आणि मोजलेल्या खुणेशी जी मिश्रणे जुळतात त्यांना जास्त वजन देतो. हाती येते ती शक्यतांची रास. तिचा मध्य सांगता येतो आणि तिची रुंदीही.

जस्टिन यीकेल आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हे काम प्रसिद्ध केले. दोन सिंहांनी मिळून सुमारे 35 माणसे खाल्ली असा मध्य निघाला: एकाने साधारण 24, दुसऱ्याने साधारण 11. जास्त माणसे खाणाऱ्याच्या शेवटच्या महिन्यांतील आहारात माणसाचा वाटा सुमारे 30 टक्के होता. त्याच सिंहाचा सुळा तुटलेला होता आणि मुळाशी गळू झाले होते. मोठी जनावरे पाडणे त्याला जड गेले असणार. त्याच दशकात आफ्रिकेत गुरांच्या बुळकांडी रोगाने रेडे आणि गुरे मोठ्या संख्येने मेली होती, हेही विसरता येत नाही. एकाच तळावर मिळून हल्ले करणाऱ्या या दोघांचे पोट मात्र वेगवेगळ्या भक्ष्यांवर भरत होते.

35 या आकड्याची 95 टक्के विश्वासाची मर्यादा 4 ते 72 आहे. इतक्या मोठ्या पल्ल्याने वाचकाची निराशा होईल, पण मला तो या कामाचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. वाट्यापासून संख्येपर्यंत जाताना सिंहाला नऊ महिन्यांत किती मांस लागते आणि एका माणसाच्या देहातून किती मिळते, हे गृहीत धरावे लागते. त्या गृहीतकांतली अनिश्चितता उत्तरात उतरते आणि ती लपवलेली नाही. शिवाय केसांत उतरते ते फक्त खाल्लेले. ज्यांना सिंहांनी मारले पण खाल्ले नाही, अशी माणसे या हिशेबात येत नाहीत.

2024 मध्ये याच सिंहांच्या तुटलेल्या दातांच्या खळग्यांत अडकलेल्या केसांतून डीएनए वाचला गेला. जिराफ, झेब्रा, विल्डबीस्ट, ओरिक्स, वॉटरबक आणि माणूस अशी यादी निघाली. ही यादी कोण खाल्ले गेले ते सांगते. किती, ते अणूंच्या हिशेबातूनच काढावे लागते.

135 माणसे खाल्ली हा आकडा आता सोडून द्यायला हवा. तो पल्ल्याच्या वरच्या टोकाच्याही बराच पलीकडे आहे. 35 लिहायचे असेल तर सोबत 4 ते 72 लिहावे, आणि नोंद न झालेल्या आफ्रिकी माणसांचा उल्लेखही करावा. पुढच्या आठवड्यात सीलच्या चरबीतील स्निग्धाम्लांवरून त्याने कोणते मासे खाल्ले ते ओळखण्याची पद्धत पाहू.