सांध्यात शिरणारं पाणी

पावसाळा लागला की आम्हा हॅम लोकांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं : 'अँटेना ठीक आहे, एसडब्ल्यूआर दीड दाखवतोय.' रत्नागिरीत मीही दोन पावसाळे हेच म्हणत होतो. दुसऱ्या वर्षी हस्त संपल्यावर गच्चीवर चढून केबल सोडली, तेव्हा कनेक्टरमधून चमचाभर हिरवट पाणी हातावर आलं. आतली तांब्याची विणलेली जाळी काळी ठिक्कर पडली होती आणि बोटांनी चोळताच तिचा भुगा झाला. अँटेना केव्हाच मुका झाला होता. मीटर मात्र शेवटच्या दिवसापर्यंत दीडच दाखवत राहिला.

एसडब्ल्यूआर दाखवणाऱ्या या मीटरचं काम साधं असतं. रिगमधून, म्हणजे रेडिओ सेटमधून, निघालेली शक्ती केबलमधून अँटेनापर्यंत जाते, अँटेना ती हवेत सोडतो. अँटेना बिघडला असेल तर काही शक्ती परत फिरते. जाणारी किती आणि परतणारी किती, हे मीटर पाहतो. आकडा 1 म्हणजे सगळं गेलं, काहीच परतलं नाही. दीडपर्यंत कुणी तक्रार करत नाही. पण मीटर बसतो खाली, रिगजवळ. केबलमध्ये पाणी शिरलेलं असेल तर वर जाणारी शक्ती वाटेतच उष्णता होऊन विरते. जी थोडी पोचते आणि परत फिरते, तीही उतरताना तशीच विरते. मीटरपर्यंत जवळजवळ काहीच येत नाही, म्हणून तो खूश. केबल एका वाटेत 6 डेसिबल, म्हणजे तीन-चतुर्थांश शक्ती खात असेल, तर वरचा अँटेना मुळातून तुटून पडला तरी खाली आकडा 1.7 च्या पुढे जात नाही. हा हिशेब कागदावर मांडून पाहिला त्या दिवसापासून मी निव्वळ मीटरवर विश्वास ठेवणं सोडलं. पावसात एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला, तर ती आनंदाची बातमी नसते.

हॅम म्हणजे हौशी रेडिओ चालवणारा परवानाधारक. परीक्षा द्यावी लागते, केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाची डब्ल्यूपीसी शाखा परवाना देते, आणि व्हीयू 2 किंवा व्हीयू 3 ने सुरू होणारं कॉल साइन मिळतं. गाडीतला किंवा हातातला सेट वेगळा. घरातून कायम चालणारं स्थानक म्हणजे बेस, आणि त्याचा गच्चीवर उभा असतो तो बेस अँटेना. दोन मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे 144 ते 146 मेगाहर्ट्झवर, अर्ध्या तरंगाचा अँटेना जेमतेम एक मीटर उंच भरतो. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर अर्ध्या तरंगाची तार वीस मीटर लांब होते आणि दोन माडांच्या मध्ये टांगावी लागते. दोन्हींची कथा शेवटी एकच आहे : धातूचा दांडा किंवा तार सहसा मरत नाही. मरतो तो सांधा, जिथे केबल तिला भेटते.

त्या सांध्यात पाणी कसं शिरतं ते नीट पाहण्यासारखं आहे. डायपोलच्या, म्हणजे मध्यातून जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनाच्या, मध्यावर कोॲक्स केबल उकलून तिची जाळी एका तारेला आणि मधली तार दुसऱ्या तारेला जोडतात. ही उकललेली जाळी उघडी राहिली, तर समईतली वात तेल ओढते तशी ती पाणी ओढते. बारीक तारांच्या मधल्या फटी म्हणजे शेकडो केशनलिका. वरून शिरलेला थेंब जाळीतून सरकत सरकत वीस-तीस मीटर खाली रिगपर्यंत येतो. एका थोर अनुभवी हॅमच्या टेबलावर कनेक्टरखाली वाटी ठेवलेली मी पाहिली आहे. ठिबकणारं पाणी गोळा करायला!

दुसरी वाट श्वासाची. फायबरग्लासच्या नळीत बंद केलेला उभा अँटेना उन्हात तापतो, आतली हवा फुगते आणि कुठल्या तरी बारीक फटीतून बाहेर पडते. दुपारी सर कोसळली की नळी झटक्यात गार होते, हवा आकसते, आणि त्याच फटीशी साचलेलं पाणी आत ओढलं जातं. असे श्वास दिवसाला दोन-चार, पावसाळ्याचे चार महिने. म्हणून नळीच्या तळाशी एक छोटं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यातून हवा ये-जा करते आणि आत साचलेलं निथळून जातं. नवा हॅम ते भोक पाहतो, पाणी शिरेल या भीतीने एम-सील लावून बुजवतो, आणि आपल्या हाताने नळीचा हौद करतो. भोक खालच्या बाजूला असेल तर त्याला हात लावू नका, हे मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो.

पाण्याने एवढा अनर्थ का होतो, याचं उत्तर भौतिकीत आहे. केबलमधल्या पॉलिथीनचा विद्युत-पारगम्यतेचा आकडा सव्वादोनच्या आसपास, पाण्याचा ऐंशीच्या आसपास. केबलचं सगळं गणित त्या सव्वादोनवर बेतलेलं असतं. शिवाय आपल्याकडचं पाणी शुद्ध नसतं, त्यात समुद्राचं मीठ असतं, म्हणजे ते वीज वाहतं आणि तांबं खातं. केबल वाळवली तरी जाळीवर चढलेला थर जात नाही. भिजलेली केबल चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापत जावी, आणि तसं ते दिसलंच नाही तर सगळी टाकून द्यावी. इथे काटकसर करू नये.

आता कनेक्टर. हौशी रेडिओत सगळीकडे दिसणारा पीएल-259 हा 1930 च्या दशकात अमेरिकेत निघाला, आणि तो जलरोधक म्हणून कधी बनवलेलाच नव्हता. त्याच्या आट्यांतून पाणी सहज शिरतं. 1940 च्या दशकात बेल प्रयोगशाळेतल्या पॉल नील यांनी केलेला एन कनेक्टर रबरी वायसर घेऊन येतो आणि पावसात कितीतरी चांगला टिकतो. तरी बहुतेकांच्या गच्चीवर पीएल-259 च असतो, कारण अँटेनाला तीच बैठक असते. मग तो गुंडाळावा लागतो, आणि ही गुंडाळणी हीच या कसबाची खरी परीक्षा.

आधी कनेक्टरवर साध्या काळ्या इन्सुलेशन टेपचा एक थर, पुढे कधी सोडवायचा झाला तर हाताला चिकटपणा लागू नये म्हणून. त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप. ही रबराची असते, तिला गोंद नसतो. ताणून एकमेकांवर गुंडाळली की काही तासांत थर एकजीव होतात आणि सुरीने कापल्याशिवाय सुटत नाहीत. न ताणता गुंडाळली तर ती नुसती चिंधी. तिला ऊन सोसत नाही, म्हणून सगळ्यात वर पुन्हा काळ्या टेपचा थर. आणि गुंडाळायची ती खालून वर. कोकणात कुणालाही याचं कारण सांगावं लागू नये. कौलं आपण वळचणीकडून आढ्याकडे चढवतो, म्हणजे वरचं कौल खालच्यावर बसतं आणि पाणी ओघळून जातं. टेपचा प्रत्येक वेढाही तसाच खालच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे. वरून खाली गुंडाळलेली टेप म्हणजे उलटी शाकारलेली कौलं. प्रत्येक कडा थेंबाला ओंजळ धरून उभी.

सिलिकॉन भरायचं असेल तर नळीवर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलंय का ते पाहावं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं, आणि आपण ज्या तांब्याला वाचवायला निघालो त्यालाच ते खातं. मी हे चुकून शिकलो. दुकानदाराने जी नळी दिली ती मी विश्वासाने भरली होती.

केबल घरात शिरते तिथेही पावसाळी घरांचीच रीत लागू पडते. खिडकीजवळ केबल सरळ आत नेली तर तिच्यावरून ओघळणारं पाणी भिंतीत आणि रिगच्या पाठीशी येतं. म्हणून तिला भोकाच्या खाली हातभर झोळ द्यायचा आणि मग वर वळवून आत घ्यायची. पाण्याची पागोळी झोळाच्या तळाशी पडते. पैशाचाही खर्च नाही, आणि तरी निम्म्या घरांत हा झोळ नसतो.

धातूंचं नातं हा समुद्रकाठचा वेगळाच विषय आहे. ॲल्युमिनियमच्या नळीवर तांब्याची किंवा पितळेची पट्टी आवळली आणि वर खारट ओल बसली, की दोघांचा मिळून एक छोटा विद्युतघट तयार होतो. त्यात झिजतं ॲल्युमिनियम. पांढरी पूड दिसायला लागते, संपर्क सुटतो, आणि आकाशवाणी ऐकताना यावी तशी खरखर सुरू होते. स्टेनलेस स्टीलचे बारीक स्क्रू मोठ्या ॲल्युमिनियमवर चालतात, उलट मात्र चालत नाही. तांब्याची तार ॲल्युमिनियमला जोडायचीच असेल तर ती कथिलाने मढवावी. आपल्या आज्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेत, तेच तंत्र. बाजारात कल्हईवाली जाळी असलेली केबलही मिळते, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्याने तीच घ्यावी. आणखी एक गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी कळली : गंज सगळ्यात जास्त दिसतो तो पावसात थेट भिजणाऱ्या बाजूला नव्हे, तर क्लॅम्पच्या पोटाशी, पत्र्याच्या आडोशाला. उघड्या भागावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, आडोशाचं तसंच राहतं. तपासायला चढाल तेव्हा आरसा घेऊन जा.

उन्हाबद्दल थोडक्यात. काळा पॉलिथीनचा वेष्टनथर कार्बनमुळे ऊन सोसतो, पांढरे प्लास्टिकचे टाय दोन उन्हाळ्यांत खडूसारखे मोडतात. फायबरग्लासची राळ उन्हाने झडली की काचेचे तंतू उघडे पडतात, हात फिरवला तर कुसं रुततात. वेळेवर रंगाचा हात दिला तर नळी वर्षानुवर्षं टिकते.

लोकांना भीती वाटते ती वाऱ्याची, आणि ती खोटी नाही. मार्कोनीने 1901 साली अटलांटिकपार संदेश पाठवण्यासाठी कॉर्नवॉलमध्ये पोल्ढू इथे वीस उंच खांबांचं वर्तुळ उभारलं होतं. सप्टेंबरच्या वादळात ते कोसळलं, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या केप कॉडचं जुळं वर्तुळही पडलं. डिसेंबरात न्यूफाउंडलंडला पहिला संदेश त्याने ऐकला तो पतंगाला बांधलेल्या तारेवर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. भारतीय मानक 875 मध्ये पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, मुंबईसाठी 44. फरक पाच मीटरचाच वाटतो, पण दाबात तो सत्तावीस टक्क्यांचा होतो. यावरचा उत्तम धडा आपल्याच मातीत आहे. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या आहेत, आणि त्यांचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नसून स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीचा आहे. वारा आरपार जातो. हॅमच्या गच्चीवरही हाच विचार हवा. माडाला तार बांधली तर एका टोकाला कप्पी आणि वजन हवं, नाहीतर माड डोलला की तार तुटणारच. उभ्या खांबाच्या पाइपचं वरचं तोंड टोपण लावून बंद करावं. ते उघडं राहिलं तर पाइप आतून सडतो आणि बाहेरून रंग चकचकीतच दिसत राहतो.

विजेबद्दल एकच सांगतो. वळवाचे ढग दिसले की केबल रिगपासून सोडा आणि खिडकीबाहेर ठेवा. चांगली अर्थिंग आणि अरेस्टर हवेतच, पण थेट पडणाऱ्या विजेपुढे त्यांची हमी कुणी देऊ नये.

एवढी उस्तवार एका हौशीच्या छंदासाठी कशाला, असं घरचेही विचारतात. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला छंदासाठीच गेलेले होते. त्यांच्या सेटवरून बेटांवरचे निरोप मुख्य भूमीला पोचले. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, आणि श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगड भागांत वीज आणि फोन कित्येक दिवस बंद राहिले. अशा दिवशी एखाद्या गच्चीवर चालू असलेल्या अँटेनाची किंमत काय, ते तिथल्या माणसाला विचारावं. आणि तो दिवस नेमका असतो पावसाचा, वाऱ्याचा, खाऱ्या हवेचा. अँटेना ज्या गोष्टींनी मरतो, त्याच गोष्टी चालू असताना त्याने जगायचं असतं.

म्हणून माझी पद्धत आता ठरलेली आहे. रोहिणी नक्षत्र लागलं की, आगोटीची बाकीची कामं चालू असतात तेव्हाच, मी गच्चीवर चढतो. एक कनेक्टर उघडून आतलं तांबं पाहतो, खाली वर पॉवर मीटर लावून केबल किती खाते ते मोजतो, आणि आकडा तारखेसह वहीत लिहितो. गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय यंदाच्या आकड्याला अर्थ नाही. ज्यांच्या घरावर अँटेना आहे, त्या सगळ्यांना माझी विनंती आहे की मृगाच्या आधी एक दिवस यासाठी काढा. टेप खालून वर गुंडाळा, तळाचं भोक मोकळं आहे ना ते बघा, आणि मोजलेला आकडा लिहून ठेवा.