वेढ्यातले खरेदीखत

पानिपत शहराबाहेर काला अंब नावाचे जे युद्धस्मारक आहे, तेथे दर वर्षी १४ जानेवारीस महाराष्ट्रातून गेलेली मंडळी आणि त्याच परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदणारा रोड मराठा समाज एकत्र येतो, आणि १७६१ सालच्या त्या लढाईच्या दिवसाची आठवण काढतो. रसद तुटलेली, मुलूख परका, थंडी हाडे गोठवणारी, अशा स्थितीत आठवडेच्या आठवडे वेढल्यासारख्या पडून राहिलेल्या त्या मराठा छावणीची आशा कशावर टिकून असेल, हा प्रश्न तेथे उभे राहणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. या पराभवात पुत्र आणि चुलतभाऊ दोघेही गमावलेले नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर निवर्तले. पुढे दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, महादजी शिंदे आणि त्यांच्या सहकारी सरदारांनी दिल्ली पुन्हा हस्तगत केली खरी. परंतु १८०३ मध्ये तीच दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली ती कायमची. राजकीय पराक्रमावर आधारलेली आशा हलकी असते असे मी म्हणणार नाही. ती सफळ झाली तरी तिची मुदत संपते, एवढेच या मैदानावरून दिसते.

मग मुदत न संपणारी आशा म्हणून काही असते काय? ख्रिस्ती श्रद्धेचे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते पडताळून पाहण्यास मराठी माणसाला परदेशी संतचरित्रांकडे जाण्याची गरज नाही. पानिपत ज्या पंजाब प्रांतात त्या काळी मोडत असे, त्याच प्रांतात १८७० नंतरच्या दशकात एक अनाथ भाऊ-बहीण पायी हिंडत होती. झेलम नदीच्या काठी, अंगावर पुरेसे वस्त्र नसल्यामुळे, त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घेऊन रात्र काढली. ती बहीण म्हणजे पंडिता रमाबाई.

अनंतशास्त्री डोंगरे यांचे हे कुटुंब एके काळी सुस्थितीतले. परंतु तीर्थयात्रा, दानधर्म आणि पुराणकथन यांत द्रव्य सरले, आणि मद्रास इलाख्यातील दुष्काळात १८७४ च्या सुमारास वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. आईची तिरडी उचलावयास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा खांद्यापर्यंत उंची न पुरणाऱ्या सोळा वर्षांच्या रमेने ती डोक्यावर घेतली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरी जेमतेम वर्षाची मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे सोबत आलेल्या मैत्रिणीने आत्महत्या केली, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मायलेकींचा बाप्तिस्मा करविला. दुःखाने वेडी झालेली स्त्री परधर्माच्या आसऱ्याला गेली, हा निष्कर्ष येथे फार सुलभपणे काढला जातो. तो त्यांच्या बुद्धीवर अन्याय करणारा आहे. कारण या घटनेने आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळण्यास आणखी सुमारे आठ वर्षे जावी लागली, असे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. शांती मिळाल्याचा घाईचा दावा त्यांनी केला नाही.

ही ख्रिस्ती आशा नेमकी काय आहे हे कळण्यासाठी जुन्या करारातील यिर्मयाच्या ग्रंथातला एक प्रसंग, माझ्या मते, सर्वांत उपयोगी पडतो. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैद, नगर पडणार हे भाकीत त्याचेच. आणि अशा वेळी हा मनुष्य चुलतभावाकडून अनाथोथ येथील शेत विकत घेतो! सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदारांसमक्ष खरेदीखत करतो, त्यावर मोहोर लावतो आणि ते दस्तऐवज दीर्घकाळ टिकावेत म्हणून मातीच्या भांड्यात ठेववितो. नगर खरोखरच पडले. यिर्मया पुढे मिसर देशात नेला गेला, आणि त्या शेतात त्याने नांगर धरल्याचे कोठेही लिहिलेले नाही. संकट टळेल असा हवाला येथे कोणी दिलेला नाही. संकट येणारच हे मान्य करून, ईश्वराच्या वचनावर आजच्या तारखेचा व्यवहार केलेला आहे. क्रूस आणि पुनरुत्थान यांचा क्रमही तोच सांगतो: मरण चुकविले जात नाही, त्याला अखेरचा शब्द मात्र दिला जात नाही.

रमाबाईंनी केडगावास जमीन घेतली ती अशाच मनाने. अमेरिकेतील हितचिंतकांनी १८८७ मध्ये दिलेले दहा वर्षांच्या साह्याचे अभिवचन संपत येणार होते. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले व नंतर पुण्यास आणलेले त्यांचे विधवांसाठीचे शारदासदन, १८९३ च्या धर्मांतराच्या वादात रानडे-भांडारकरांसारख्यांचा आधार गमावून बसले होते. (धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील अशी समजूत करून देण्यात आली होती, त्यामुळे टीकाकारांची तक्रार सर्वस्वी निराधार होती असे म्हणवत नाही.) फळझाडे लावावीत आणि त्यांच्या उत्पन्नावर संस्था स्वावलंबी व्हावी, हा त्यांचा हिशेब. झाडे फळावर येण्यापूर्वीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. बाई मध्यप्रांतात गेल्या, आणि उपासमारीची ओळख बालपणापासून असल्यामुळे तेथील शेकडो निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, मुलींना तेथे ठेवण्याची सोय नाही, तेव्हा त्यांना केडगावच्या माळावर आधी तंबू आणि झोपड्यांत ठेवले गेले. प्लेगच्या इस्पितळातील व्यवस्थेविरुद्ध याच बाईंनी सरकारला वर्तमानपत्रातून जाब विचारला, हे विसरू नये. त्यांच्या आशेत अन्यायापुढे मान तुकविणे बसत नव्हते. गुजरातेतील दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, केडगावच्या या मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या गेल्या, शेती, विणकाम आणि छापखाना चालू झाला, अंध मुलींना ब्रेल शिकविण्यात आले.

ज्या मनोरमेच्या हाती हे सर्व सोपवावयाचे, ती १९२१ च्या जुलैमध्ये आईच्या आधी गेली. साठी ओलांडलेल्या रमाबाई तेव्हाही हिब्रू व ग्रीक मूळ समोर ठेवून बायबलचे असे मराठी भाषांतर करीत होत्या, की जे खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही वाचता यावे. ते काम त्यांनी हातावेगळे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तो त्यांनी पाहिला नाही. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्थानक लागते, आणि तेथील मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांना व मुलांना आजही आश्रय मिळतो.